वर्गणी : राहुटीतली आणि फोनमधली

जत्रेसाठी घरटी काढतात ती वर्गणी, आणि या अंकासाठी आपण भरली तीही वर्गणीच. ओटीटीवाल्यांनी मात्र मराठीत येतानाही 'सबस्क्रिप्शन' हाच शब्द ठेवला. एका अर्थी बरेच झाले, कारण हा व्यवहार खरोखरच वेगळा आहे. तो किती वेगळा, हे तपासायला जुन्नर-आंबेगावइतका सोयीचा मुलूख नाही. जुन्या वर्गणीतून जी करमणूक विकत घेतली जाते तिचा बाजार इथेच, नारायणगावात, भरतो.

गुढीपाडव्याच्या सुमारास ढोलकी फडाचे मालक इथे राहुट्या टाकतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले येतात, दोन-चार राहुट्या फिरतात, फडात यंदा कोण आहे, नवा वग कोणता, याची चौकशी करतात आणि मग घासाघीस सुरू होते. चैत्री पौर्णिमा किंवा कालाष्टमीची तारीख हवी असेल तर सुपारी चढते. आडदिवस असेल तर मालक नमते घेतो. रात्रीचा खेळ, दुसऱ्या दिवशीची हजेरी, सगळे तोंडावर ठरते. या व्यवहारात वर्गणी देतो एक आणि पाहतो दुसराच. ज्याने पैसे दिले नाहीत, तोही पुढे येऊन बसतो आणि फेटा बहुधा त्याचाच सर्वांत उंच असतो.

आता दुसरी वर्गणी. नेटफ्लिक्स जानेवारी 2016 मध्ये भारतात आले, त्याच डिसेंबरात ॲमेझॉनचे प्राइम व्हिडिओ, आणि या दोघांच्या मधे, सप्टेंबरात, जिओ. माझ्या मते या वाढीचे खरे श्रेय तिसऱ्यालाच. डेटा स्वस्त झाला नसता तर या सेवा पुणे-मुंबईच्या बाहेर पडल्या नसत्या. नेटफ्लिक्सला हे उशिरा कळले. सुरुवातीला 500 रुपये महिना असलेल्या या कंपनीने जुलै 2019 मध्ये फक्त मोबाइलपुरती 199 रुपयांची योजना काढली आणि डिसेंबर 2021 मध्ये तीच 149 वर आणली. या योजनेची अट वाचण्यासारखी आहे : एका वेळी एकच पडदा. इथे दर कंपनी ठरवते. घेणाऱ्याच्या हाती 'नको' म्हणणे तेवढे उरते.

25 मार्च 2020 हा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस होता आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. पुढच्या वर्षी पाडवा 13 एप्रिलला आला, आणि 14 एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. लागोपाठ दोन वर्षे जत्रांचा हंगाम ऐन तोंडाशी बुडाला. त्याच 2021 मध्ये मराठी ओटीटीचे दिवस फळले : मार्चमध्ये प्राइमवर 'पिकासो', एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर 'द डिसायपल', 30 जूनला 'जून' घेऊन केवळ मराठीला वाहिलेले प्लॅनेट मराठी. एकाने दुसऱ्याला मारले असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. फडांवरचे कर्ज, कलावंतांना द्यावी लागणारी उचल, ही दुखणी त्याआधीची आहेत. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर 2002 मध्ये विपन्नावस्थेत गेल्या, तेव्हा यांतले काहीच नव्हते.

'पिकासो'बद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. कोकणातल्या दशावतारी कलावंताची आणि त्याच्या चित्रकार मुलाची ही गोष्ट अभिजित वारंग यांनी फार संयमाने सांगितली आहे. त्यातला दशावताराचा भाग मला सर्वांत आवडला आणि सर्वांत खटकलाही. पडद्यावर गाव बसून नाटक पाहते आणि आपण त्या गावाला पाहतो. लोककला हा तिथे विषय आहे. प्लॅनेट मराठीची निर्मिती असलेला 2022 चा 'चंद्रमुखी' चित्रपटगृहांसाठीचा, पण त्यातही तमाशा नायिकेच्या कहाणीपुरताच येतो. समोरच्या गावाचे नाव, तिथल्या पुढाऱ्याची खोडी बतावणीत ऐनवेळी घालणारा सोंगाड्या चित्रीकरणात टिकत नाही. त्याचा विनोद त्या रात्रीपुरता, त्या गावापुरता असतो.

तरीही राहुटीच्या बाजूने मी सरसकट उभा राहणार नाही. कारण एकच : बायका. घरटी वर्गणीत त्यांच्या कष्टाचाही पैसा असे. पण रात्रीच्या खेळाला घरंदाज बाईने बसायचे नाही हा दंडक इथल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. मंचावर विठाबाई आणि समोर सगळे पुरुष. एका पडद्याच्या योजनेने हा दंडक गावसभेत न जाता मोडला. मंचरची बाई आज दुपारची कामे आटोपून कुणाला न विचारता काय हवे ते पाहते. ज्यांना ओटीटी म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास वाटतो, त्यांच्या लेखांत ही बाई मला कधी दिसली नाही.

फडांचे वग यूट्यूबवर फुकट मिळतात. बरेचसे प्रेक्षकांतल्या कुणीतरी फोनवर घेतलेले, ढोलकीचा आवाज फाटलेला, मधेच 'खाली बसा' म्हणून ओरड. या मुलखातल्या बैलगाडा शर्यतीही आता घाटातून थेट दाखवल्या जातात. सुपारी ठरताना तारीख, हजेरी, जेवण यांची बोलणी होतात. तशीच चित्रीकरणाचा हक्क कुणाचा आणि त्याचे वेगळे किती, हीही बोलणी फडमालकांनी पुढच्या पाडव्याला राहुटीतच, विसार घेण्याआधी, करावीत.