बासरी, पिन आणि ताटली

शरीररचनेची लॅटिन नावे म्हणजे घोकंपट्टी, हे समीकरण आपल्या वर्गांत पक्के बसले आहे. टिबिया, फिब्युला, पटेला, ॲसिटॅब्युलम, कॉक्लिया... विद्यार्थी ही यादी पाढ्यांसारखी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरून जातो. नावाला काही अर्थ असेल अशी शंकाही त्याला येत नाही. हा दोष नावांचा किती आणि ती शिकवण्याच्या आपल्या रीतीचा किती, हे एकदा नीट तपासायला हवे.

आधी नावांचा अर्थ पाहू. टिबिया म्हणजे रोमन लोकांची बासरी. फिब्युला म्हणजे अंगावरचे वस्त्र अडकवण्याची पिन. नडगीच्या जाड हाडाशेजारचे ते बारीक, लांब हाड खरोखरच पिनेच्या काडीसारखे दिसते. पटेला म्हणजे छोटी ताटली. मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसतो ती ॲसिटॅब्युलम, म्हणजे जेवताना व्हिनेगर ठेवण्याचा लहानसा पेला. पेल्विस म्हणजे घंगाळे, कॉक्लिया म्हणजे गोगलगाय. स्नायूला लॅटिनमध्ये म्युस्क्युलस, म्हणजे छोटा उंदीर म्हणतात. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी टुणकन वर येते. रोमनांना तिथे उंदीर दिसला, आपल्याकडच्या मुलांना बेडूक दिसला आणि ते बेडकुळी म्हणू लागले. पाहण्याची रीत एकच!

म्हणजे ही नावे पंडिती नव्हतीच. ज्यांनी प्रेत उघडून आत पाहिले, त्यांनी स्वयंपाकघरातल्या, अंगणातल्या, वादकाच्या हातातल्या वस्तूंची नावे आतल्या अवयवांना दिली. लॅटिन ही बोलीभाषा राहिली नाही तेव्हा वस्तू विसरल्या गेल्या आणि नुसते आवाज उरले. मुले आज पाठ करतात ते हे आवाज.

मग ही यादी हवीच कशाला? तिच्या बाजूचा मुद्दा भक्कम आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सुमारे ५,००० अवयवभागांसाठी सुमारे ५०,००० नावे वापरात होती. प्रत्येक देशाचे, प्रत्येक पंथाचे वेगळे नाव. १८९५ मध्ये बाझल येथे शरीररचनाशास्त्रज्ञांनी पहिली सर्वमान्य लॅटिन यादी केली. १९५५ मध्ये पॅरिसमध्ये तिची नवी मांडणी झाली आणि १९९८ मध्ये ‘टर्मिनोलॉजिया ॲनाटॉमिका’ प्रसिद्ध झाली. पॅरिसच्या यादीमागचे नियम वाचण्यासारखे आहेत. एका भागाला एकच नाव असावे. नाव छोटे असावे आणि त्यातून काही बोध व्हावा. शेजारच्या भागांची नावे एकमेकांशी जुळावीत. माणसांची नावे अवयवांना देऊ नयेत. म्हणूनच ग्रीक कथेतल्या वीराच्या नावाने ओळखली जाणारी टाचेची शीर या यादीत ‘टेंडो कॅल्केनियस’, म्हणजे सरळ टाचेच्या हाडाची कंडरा झाली.

एका सामायिक यादीची गरज आपल्याला तर अधिकच पटावी. ‘स्नायू’ हा शब्द घ्या. मराठी पुस्तकात तो हातपाय हलवणाऱ्या मांसल भागाला लावतात. हिंदी पुस्तकात स्नायु म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा बंध. बंगालीत स्नायू म्हणजे मेंदूकडून निरोप नेणारा मज्जातंतू. ‘पेशी’चेही तसेच. मराठीत ती सजीवाचा सूक्ष्म घटक, तर हिंदी-बंगालीत मांसल स्नायू. शब्द एका संस्कृतातून आलेले, पण तीन विद्यार्थी एकत्र बसले तर तिघांच्या डोळ्यांसमोर तीन चित्रे. ‘म्युस्क्युलस’ मात्र तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट सांगतो. लॅटिन यादीचे हे उपकार मान्य केलेच पाहिजेत.

पण यादी म्हणजे ज्ञान नव्हे, आणि ती निर्दोषही नाही. जुन्या चुका तिच्यात गोठून राहिल्या आहेत. ‘आर्टेरिया’ हा मूळ ग्रीक शब्द श्वासनलिकेसाठी होता. मेल्यावर या वाहिन्या बऱ्याचशा रिकाम्या आढळत, म्हणून त्यांतून हवा वाहते असे काही जुन्या ग्रीक वैद्यांना वाटले. त्यांत रक्त असते हे गॅलेनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात दाखवून दिले, तरी नाव टिकले. खऱ्या श्वासनलिकेला मग ‘खडबडीत आर्टेरिया’ म्हणावे लागले. त्यातला ‘खडबडीत’ एवढाच शब्द पुढे उरला, तोच आजचा ट्रेकिया! आपणही हसू नये. ‘धमनी’ या शब्दाच्या मुळाशीही ‘ध्मा’, म्हणजे फुंकणे, हाच धातू आहे.

याहून गंभीर दोष दुसरा आहे. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाला १९९८ च्या यादीत ‘पुडेन्डम’ असे नाव होते. त्याचे मूळ क्रियापद लाजणे या अर्थाचे. म्हणजे ‘लाज वाटावी असा भाग’. बासरी, ताटली, गोगलगाय ही पाहून दिलेली नावे. हे मात्र न पाहता, न्याय करून दिलेले नाव, आणि यादीत ते स्त्रीच्याच वाट्याला आले. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते गळले, पण तिथल्या मज्जातंतूच्या नावात ते विशेषण अजून आहे. शास्त्राची यादी समाजाचे पूर्वग्रह कसे जपते, याचा हा नमुना. मराठीतला ‘गुप्तांग’ हा शब्द त्याच जातीचा. ‘जननेंद्रिय’ काम सांगतो, ‘गुप्तांग’ फक्त गप्प बसायला सांगतो. ज्या मुलीला शरीराच्या एका भागासाठी सरळ शब्दच दिला गेला नाही, ती दुखणे सांगणार कोणत्या शब्दाने? प्रश्न परीक्षेच्या गुणांचा नाही, तिच्या आरोग्याचा आहे.

आता आपल्या मराठी परिभाषेकडे वळू. जिथे तिने लॅटिन नावामागची वस्तू पाहिली, तिथे ती यशस्वी झाली. कानातल्या तीन हाडांना आपण हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतो. रिकीब म्हणजे घोडेस्वार पाय ठेवतो ती कडी, एवढे फळ्यावर काढून दाखवले की काम झाले. काही ठिकाणी तर मराठी लॅटिनच्या पुढे गेली. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप वेसालियसला ख्रिस्ती बिशपच्या टोपीसारखी दिसली, म्हणून ती ‘मायट्रल’. ती टोपी आपल्या मुलांनी पाहिलेली नसते. ‘द्विदल’ म्हटले की दोन पाळ्या लगेच ध्यानात येतात. उलट लोकांच्या तोंडी ‘गुडघ्याची वाटी’ असताना पुस्तकात ‘जान्वस्थी’ आणली, तेव्हा आपण एक परका आवाज काढून दुसरा परका आवाज बसवला. रोमन माणसाची छोटी ताटली आणि आपली वाटी, दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती! डोळ्यातल्या बाहुलीचेही तेच. लॅटिन ‘प्युपिला’ म्हणजेही छोटी बाहुलीच. समोरच्याच्या डोळ्यात आपले चिमुकले प्रतिबिंब दिसते, ते दोन्हीकडच्या लोकांनी पाहिले.

म्हणून शिक्षकांनी एवढे करावे. लॅटिन नाव शिकवावे, कारण पुढच्या शिक्षणात ते लागणारच. पण ते देण्याआधी हाडाचे चित्र किंवा नमुना मुलांपुढे ठेवून विचारावे, ‘हे तुम्हांला कशासारखे दिसते?’ उत्तरे फळ्यावर लिहावीत, मग रोमनांचे उत्तर सांगावे, मग मराठी शब्द. दोन्ही शब्द पारखायला मुलांना सांगावे. कोणता आकार सांगतो, कोणता काम सांगतो, कोणता काहीच सांगत नाही? एक तास यात गेला तरी तो वाया जात नाही. नाव हे पाहण्याचे फळ असते. आधी पाहायला शिकवले, तर नाव आपोआप लक्षात राहते.