देवाला जाब विचारताना

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथे जाऊन आले तेव्हा वळिवड्याची कथा पुन्हा चर्चेत आली. ती बहुतेक वेळा एकाच सुरात सांगितली जाते. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बायका-मुलेच जास्त, वळिवड्याच्या छावणीत राहिली; इथल्या लोकांनी त्यांना परके मानले नाही; जगभर पांगल्यावरही ती हे ऋण विसरली नाहीत. यातले काहीच खोटे नाही. खटकते ते एवढेच, की कथा वळिवड्यापासूनच सुरू होते. ज्या वर्षांनी या माणसांना निर्वासित केले, ती एखाद्या वाक्यात उरकली जातात. यातनेतून वाचलेल्यांचे साहित्य वाचण्याची आपली एकूण रीतही अशीच आहे. आपण ते शेवटाकडून वाचतो. माणूस वाचला, म्हणजे त्याला कशाने तरी तारले असणार, आणि तारणारी ती गोष्ट म्हणजे श्रद्धा, अशी बेरीज आपण आधीच मांडून ठेवलेली असते. माझ्या मते श्रद्धा काळोखावर मात करते का, हा प्रश्नच या साहित्याला लागू पडत नाही. यातना कुणी दिली, कशाच्या नावाने दिली आणि त्या वेळी देव कुणाच्या बाजूला उभा दिसत होता, यावर श्रद्धेचे पुढे काय होते ते ठरते. हे तपासायला नाझी छळछावण्यांतून आलेली पुस्तके लागतात, तसेच वळिवडे आणि फलटणही लागते.

आधी मराठी वाचकाच्या ओळखीची पुस्तके पाहू. अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी आपल्याकडे शाळकरी मुलांच्याही हाती असते. तिची शेवटची नोंद १ ऑगस्ट १९४४ ची आहे. तीन दिवसांनी तिला पकडले आणि १९४५ च्या सुरुवातीला ती बर्गन-बेल्झनमध्ये मेली. म्हणजे या विषयावरचे आपले सर्वांत लाडके पुस्तक छळछावणीच्या दारापाशी थांबते. तिचा माणसांच्या चांगुलपणावरचा विश्वास आपण फलकांवर लिहितो, पण तो विश्वास दाराच्या आतल्या बाजूला टिकला का, हे सांगायला ती उरली नाही. व्हिक्टर फ्रँकल यांचे १९४६ चे पुस्तक मराठीत ‘अर्थाच्या शोधात’ म्हणून येते आणि ते बहुधा प्रेरणादायी पुस्तकांच्या रांगेत उभे केले जाते. आपल्यातले सर्वांत चांगले लोक परत आलेच नाहीत, ही त्याच पुस्तकातली कडू कबुली त्या रांगेत कुणाला ऐकू जात नाही. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ पिढ्यांनी वाचले. तो सत्तेचा इतिहास आहे आणि बळींचा आवाज हा त्याचा विषय नाही. थोडक्यात, आपल्याला दारापर्यंतची गोष्ट ठाऊक आहे, दाराबाहेर पडल्यानंतरचा बोध ठाऊक आहे आणि राक्षसाचे चरित्रही ठाऊक आहे. मधला काळोख तेवढा वाचायचा राहून गेला आहे.

त्या मधल्या जागेतून एली वीझेल बोलतो. तालमूद आणि गूढविद्येत बुडालेला सिगेट गावचा हा पंधरा वर्षांचा मुलगा १९४४ मध्ये आउशविट्झला पोचला. त्याचे ‘रात्र’ हे पुस्तक एका कोवळ्या मुलाच्या फाशीच्या प्रसंगासाठी ओळखले जाते. मुलगा वजनाने हलका असल्यामुळे लवकर मरत नाही. रांगेतला कुणीतरी देव कुठे आहे असे विचारतो आणि निवेदकाला आतून उत्तर येते की तो याच फासावर लटकतो आहे. या प्रसंगाला ‘देवाचा मृत्यू’ असे लेबल लावून टीकाकार मोकळे होतात. पण पुस्तक तिथे संपत नाही. पुढे यहुदी नववर्षाच्या प्रार्थनेच्या वेळी हजारो कैदी देवाचे नाव घेत असताना हा मुलगा स्वतःला फिर्यादी समजतो आणि देवाला आरोपी. फिर्याद लावायची तर आरोपी हजर असावा लागतो. मेलेल्यावर खटला चालत नाही. वीझेलने १९७९ मध्ये देवावरच्या खटल्याचे आख्खे नाटक लिहिले आणि त्याचे बीज छावणीत प्रत्यक्ष पाहिलेल्या अशाच एका खटल्यात असल्याचे सांगितले. तो शेवटपर्यंत प्रार्थनाही करत राहिला. यात विसंगती शोधणाऱ्याला यहुदी परंपरा कळलेली नसते. तिथे बायबलमधल्या ईयोबापासून देवाशी भांडणे हा भक्तीचाच प्रकार आहे, आणि देवाने आपल्या लोकांशी केलेला करार मोडल्याबद्दल जाब विचारणारा माणूस करार झाल्याचे मान्य करूनच बोलतो.

याच पुस्तकाचा छपाईचा इतिहास बोलका आहे. आधीचे यिडिश पुस्तक १९५६ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये निघाले, चांगले जाडजूड. १९५८ ची फ्रेंच आवृत्ती बरीच कापलेली होती आणि तिला फ्रांस्वा मोरियाक या कॅथलिक कादंबरीकाराची प्रस्तावना होती. नेओमी साइडमन या संशोधिकेने १९९६ मध्ये दोन्ही पाठ शेजारी ठेवून दाखवले की यिडिशमध्ये जगावरचा आणि शेजाऱ्यांवरचा संताप ठसठशीत होता. फ्रेंचमध्ये तो मागे सरला आणि देवाचे मौन पुढे आले. तिच्या निष्कर्षांवर वाद झाला, पण त्यातली एक गोष्ट नाकारणे अवघड आहे. काळोखसुद्धा वाचकाकडे पाहून लिहिला जातो. ज्या शेजाऱ्याने घर लुटले त्याचे नाव घेण्यापेक्षा देवाचे मौन युरोपच्या ख्रिस्ती वाचकाला पेलायला सोपे होते.

प्रीमो लेवी हा तुरिनचा रसायनशास्त्रज्ञ, मुळात अश्रद्ध. त्याचे पहिले पुस्तक मोठ्या प्रकाशकाने नाकारले. १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या. त्यात ऑक्टोबर १९४४ मधली निवड आहे. कोण जगणार आणि कोण वायुकोठडीत जाणार हे ठरून गेल्यावर कून नावाचा म्हातारा मोठ्याने देवाचे आभार मानतो आणि शेजारच्या फळीवर दोन दिवसांनी मरणार असलेला विशीतला ग्रीक तरुण बेप्पो दिव्याकडे बघत पडलेला असतो. लेवीचा संताप इथे देवाकडे वळत नाही. तो त्या आभारांवर आहे. माझ्या वाचण्यात देवाचा हात आहे असे म्हणणे म्हणजे बेप्पोच्या मरणातही तो आहे असे म्हणणे, आणि कूनला हे दिसत नाही. श्रद्धेने तारले असे सहज म्हणणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी खरे तर याच पानावर थांबायला हवे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप लेवीकडूनच येतो. १९८६ च्या शेवटच्या पुस्तकात तो मान्य करतो की छावणीत श्रद्धावान माणसे, मग ती धर्माची असोत की मार्क्सची, आमच्यापेक्षा बरी टिकली. छावणीतून वाचलेल्या जाँ आमेरीनेही १९६६ मध्ये हेच लिहिले आणि तोही नास्तिक. मग श्रद्धेने तारले असे म्हटल्यास चुकले कुठे? चुकते ते असे की हे दोघे श्रद्धेच्या उपयोगाची साक्ष देतात, तिच्या सत्याची नाही, आणि उपयोग पटूनही तिच्याकडे जायला नकार देतात. निवडीच्या दिवशी आपल्यालाही प्रार्थनेचा मोह झाला होता, असे लेवी सांगतो. डाव हरायला आल्यावर नियम बदलणे त्याला लाजिरवाणे वाटले. हा नकार श्रद्धेइतकाच कणखर आहे. काळोखात उभे राहायला दोन्हींपैकी काहीही चालते, हे ज्याला मान्य नाही त्याने ही पुस्तके अर्धीच वाचली.

आता वळिवडे. इथली माणसे नाझी छळछावण्यांतून आली नव्हती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ती बहुतेक कॅथलिक होती. पूर्व पोलंडमधून १० फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत सत्तेने मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलेली. जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झाली, मग मध्य आशियात उपासमार आणि टायफस, १९४२ मध्ये कास्पियन ओलांडून इराण आणि तिथून हिंदुस्थान. त्यांच्या संघटनेने लंडनहून २००० मध्ये पोलिशमध्ये आणि २००९ मध्ये इंग्रजीत कागदपत्रे आणि आठवणींचा मोठा ग्रंथ काढला. या आठवणींच्या जगात देव आरोपी नाही. चर्च आहे, धर्मगुरू आहेत, स्काउट पथके आणि नाटके आहेत. म्हणून त्यांची श्रद्धा भोळी होती असे मानायचे कारण नाही. त्यांना गाडीत घालणारी सत्ता उघडपणे निरीश्वरवादी होती. तिथे प्रार्थना म्हणणे म्हणजे त्या सत्तेला न जुमानणे होते. देव त्यांच्यासोबत हद्दपार झाला होता, त्यामुळे त्याला जाब विचारण्याची वेळच आली नाही. शिवाय वळिवड्यात त्यांचे गाव पुन्हा उभे राहिले, भाषा आणि शाळेसकट. सिगेटचे यहुदी गाव कुठेच उभे राहिले नाही.

लिहिणारी माणसे त्या वेळी लहान होती आणि पन्नास वर्षांनी लिहीत होती, मग आठवण गोड होणारच, असे कुणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. गुस्ताव हेरलिंग हा पोलिश लेखक त्याच काळात सोव्हिएत श्रमछावणीत होता, पण तरुण वयात. त्याचे १९५१ चे ‘वेगळे जग’ भूक माणसाचे काय करते ते इतक्या थंडपणे मांडते की वळिवड्याच्या आठवणी त्यापुढे सणासारख्या वाटतात. तरीही त्याच्या पुस्तकात काम करायला ठाम नकार देणाऱ्या नन आहेत. म्हणजे वय बदलले की आठवणीचा रंग बदलतो, पण श्रद्धेची जागा बदलत नाही. ती छळणाऱ्याच्या विरुद्धच उभी असते.

आणि श्रद्धा छळणाऱ्याच्या हातातच असेल तर? हा प्रश्न विचारायला मराठीला युरोपात जावे लागत नाही. देवाशी भांडण आपल्याला नवे नाही. चोखोबाने जन्माचा जाब विठ्ठलाला विचारला आणि समाधी मिळाली ती पंढरपूरच्या देवळाच्या पायरीशी, बाहेर. वीझेलच्या फिर्यादीशी नाते सांगणारी मराठीतली सर्वांत जवळची गोष्ट हीच. पण फलटणच्या बेबी कांबळे यांचे १९८६ चे ‘जिणं आमुचं’ वाचताना कळते की ही वाट पुढे बंद पडली होती. वीरगावच्या महारवाड्यातला आषाढ, पोतराज, अंगात येणाऱ्या बाया त्यांनी तपशिलाने लिहिल्या आहेत, रागाने आणि ममतेनेही. वर्षभर कुत्र्यासारखी वागवली जाणारी सून अंगात आल्यावर घटकाभर देवी होते, लोक तिच्या पाया पडतात, आणि तिचे उद्याचे दुःख तसेच राहते. दुःख देणारी व्यवस्था आणि सांत्वन देणारी श्रद्धा एकाच घरच्या, हे त्यांना जसे दिसले तसे वीझेलला दिसण्याचे कारण नव्हते. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत आपल्याच सीमाभागातल्या देवदासी-जोगत्यांच्या जगात हीच गाठ दाखवली आहे. अशा देवाशी भांडण कसले करणार? बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्यात सांगितले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात करून दाखवले ते खटल्याच्या पलीकडचे होते. त्यांनी ते न्यायालयच सोडले. त्याच बाबासाहेबांनी १९४८ चा अस्पृश्यांवरील ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला होता. भांडणाऱ्याचा मान त्यांनी राखला, त्याची वाट मात्र धरली नाही. आणि बेबीताईंच्या पुस्तकात बाबासाहेबांविषयी जी भाषा येते ती भक्तीचीच आहे. ती उणीव म्हणून दाखवणारे समीक्षक आहेत. मला ती फार प्रामाणिक वाटते. देव गेला तरी कृतज्ञतेला शब्द लागतात, आणि ते जुन्याच भांडारातून येतात.

अशी तुलना करू नये, असेही म्हणता येईल. नाझींनी साठ लाख यहुद्यांना काही वर्षांत संपवले. जातीने शतकानुशतके माणसे जिवंत ठेवून राबवली. दोन्हींना एका मापाने मोजणे दोन्हींवर अन्याय आहे, आणि आकड्यांची शर्यत तर निर्लज्जपणाची. पण तुलना म्हणजे बरोबरी नाही. फरक कुठे पडतो ते तुलनेनेच दिसते. वीझेलच्या रात्रीआधी एक दिवस होता: घर, अभ्यास, शब्बाथच्या मेणबत्त्या. त्यामुळे त्याला हरवलेल्याचा हिशेब मागता येतो. दया पवारांच्या १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये किंवा ‘जिणं आमुचं’मध्ये असा आधीचा दिवस नाही. काळोख पडलेला नाही, तो जन्मापासूनचा आहे, म्हणून त्या पुस्तकांचे तोंड मागच्यापेक्षा पुढे वळलेले आहे. आपल्या समीक्षेने दलित साहित्याची तुलना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी केली आणि ती फलदायी ठरली. पण त्यात व्यवस्था आणि विद्रोह पुढे राहिले आणि श्रद्धेचा प्रश्न बाजूला पडला. तो प्रश्न वीझेल-लेवींच्या शेजारी ठेवल्यावरच नीट विचारता येतो.

वळिवड्याच्या त्याच बराकींत १९४८ नंतर सिंधी निर्वासित आले आणि आज तिथे गांधीनगरची कापडपेठ आहे. एका जागेवर दोन विस्थापने, आणि दुसरे तर धर्माच्याच नावाने झालेले. तिथे देवाचे काय झाले असेल याचा अंदाज पोलिश आठवणींवरून करता येणार नाही. त्या पिढीची साक्ष मराठीत यायला हवी. पोलिश आठवणी मराठीत आणायच्या झाल्या तर संपादकाला पंचगंगाकाठची प्रकरणे निवडून बाकी गाळण्याचा मोह होईल, आणि ते पुस्तक कोल्हापुरात खपेलही. पण मालगाडीची, कझाकस्तानातल्या हिवाळ्याची आणि वाटेत पुरलेल्या भावंडांची पाने आधी छापली, तरच वळिवड्याच्या चर्चमधल्या प्रार्थनेत नक्की काय मागितले जात होते ते आपल्या वाचकाला कळेल.