नाव पुसल्यावर उरलेला माणूस

सरकारी दफ्तरातील नोंदी संशोधकांना खुल्या कराव्यात, फक्त नावे पुसावीत, असे हल्ली सर्रास मांडले जाते. मागणीचा पहिला भाग मला मान्य आहे. रेशनच्या नोंदी, हजेरीपट, दवाखान्याची बिले यांत धोरणाला उपयोगी पडेल असे पुष्कळ असते आणि नमुना पाहणीत ते अनेकदा निसटते. माझी शंका आहे ती ‘फक्त’ या शब्दाबद्दल.

मॅसॅच्युसेट्सचे प्रकरण जुने, पण बोलके आहे. १९९० च्या दशकात तिथल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी नावे-पत्ते काढून संशोधकांना दिल्या गेल्या. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग तेवढे राहिले. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलरना केंब्रिजची मतदारयादी घेतली, दोन्ही जुळवल्या आणि गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या उपचारांच्या नोंदी शोधून काढल्या. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाने सुमारे २९ लाख लोकांची वैद्यकीय बिले अशीच खुली केली. डॉक्टरांचे सांकेतिक क्रमांक मेलबर्नच्या संशोधकांनी उलगडून दाखवले आणि दोन महिन्यांच्या आत ती मागे घ्यावी लागली. खरे तर आपल्या खेड्यात हे कुणाला शिकवावे लागत नाही. ‘वरच्या आळीतली, शिवणकाम करणारी, दोन मुलींची आई’ एवढे म्हटले की पुरे, नाव लागतेच कुठे?

मग सगळेच पुसावे काय? रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिले. हजेरीपट चारचौघांत वाचला की कामावर कधी न फिरकलेल्याच्या नावे मजुरी निघाल्याचे गावाला कळते. नावे झाकली तर वाचायचे काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा कायद्याने माहिती अधिकारातील व्यक्तिगत माहितीची पळवाट रुंद केली. संशोधन आणि सांख्यिकीला मात्र त्याच कायद्यात अटींसह सवलत ठेवली. म्हणजे अभ्यासकाला दार किलकिले आणि ज्याची मजुरी बुडाली त्याला बंद. हा क्रम मला उलटा वाटतो.

अभ्यासकाला नावाची गरज क्वचितच पडते. ब्रिटनमध्ये त्याला सुरक्षित यंत्रणेतच काम करू देतात आणि तपासलेले तक्ते तेवढे बाहेर येतात. ही पद्धत मला पटते. अडचण एकच दिसते: अशा यंत्रणेत तालुक्याच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला प्रवेश कोण देणार?