महारोग कोणाला म्हणता?

उचगावात जयंतीच्या सभेत मी तावातावाने म्हणालो, 'जातीयता हा समाजाला जडलेला महारोग आहे.' टाळ्या पडल्या. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईने मात्र आपली झडलेली बोटे पदराखाली घेतली. औषधाने ती केव्हाच बरी झाली होती. माझ्या शब्दाने तिला पुन्हा वेशीबाहेर बसविले.

हा दोष एकट्या माझा नाही. आपल्या कवितांत, भाषणांत, ठरावांत जात कधी कीड असते, कधी कॅन्सर, कधी महारोग. धडधाकट असताना ज्यांना 'शिवू नका' म्हटले गेले, त्यांनीच ही भाषा वापरावी? १९२७ साली आपली माणसे महाडच्या तळ्याचे पाणी प्यायली, म्हणून सनातन्यांनी ते शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केले. तिथे कोणता जंतू होता?

शिवाय रोग जडतो. त्याला कर्ता नसतो. जात मात्र पाळली जाते. तिला पाळणारे आहेत, तिच्यावर पोसलेले आहेत. रोग म्हटले की ते सगळे सुटतात. १९३७ साली 'जातिनिर्मूलना'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीही आजाराची भाषा वापरली. पण आजारी कोण आणि त्याचा धोका कोणाला, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आपण रोग तेवढा उचलला, कर्ता गाळला.

निर्धन कुष्ठरुग्णांना कोंडणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली कायद्यातून वगळले गेले. कायद्याने आपली भाषा सुधारली. आपले साहित्य केव्हा सुधारणार?