नाम आणि रूप : बालशिक्षणातील चित्रकला व आयुर्वेद-परिचय

प्रस्तावना :
सोप्या चित्रांतून मुलांना आयुर्वेदाची ओळख करून देण्याची कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु चित्र नेमके कशाचे काढावयाचे, हा प्रश्न अनेकदा अविचारित राहतो. त्यावरच या उपक्रमाचे शैक्षणिक मूल्य अवलंबून आहे.

त्रिदोषांचे चित्रण :
वात म्हणजे वारा, पित्त म्हणजे ज्वाला आणि कफ म्हणजे पाण्याचा थेंब, ही चित्रे मुलांना सहज आवडतात. मात्र त्यापुढे जाऊन कृश मुलगा वाताचा, रागीट मुलगी पित्ताची व स्थूल मुलगा कफाचा असे रेखाटन झाले की संकल्पनेचे रूपांतर शिक्क्यात होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृतिपरीक्षण हे अनेक लक्षणांच्या एकत्रित विचारावर आधारलेले असून ते वैद्याचे कार्य आहे. एका व्यंगचित्रावरून वर्गमित्राची प्रकृती ठरविणे शास्त्राला धरून नाही आणि त्या मुलाच्या दृष्टीने अन्यायकारकही आहे.

निरीक्षणचित्राचे महत्त्व :
याच संहितेच्या सूत्रस्थानात गुराखी, मेंढपाळ व वनवासी वनस्पतींना नामरूपाने ओळखतात, असे म्हटले आहे. चित्रकलेचे खरे स्थान या 'रूपा'त आहे. 'ब्राह्मी' हे एकच नाव दोन भिन्न वनस्पतींना दिले जाते. एकीची पाने लांब देठाची व मूत्रपिंडाच्या आकाराची; दुसरीची लहान, मांसल, देठविरहित व समोरासमोर. केवळ नाव पाठ केलेल्या मुलाला हा भेद कळत नाही; दोन्ही समोर ठेवून रेखाटणाऱ्याला तो विसरता येत नाही. तुळशीचे चौकोनी खोडही हातात घेतल्यावरच कागदावर उतरते. लहान वयात पानावर कागद ठेवून खडू घासला तरी शिरांची रचना दिसते.

या पद्धतीस भक्कम पूर्वपरंपरा आहे. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे 12 खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'होर्टस मलबारिकस'मध्ये मलबारातील 700 हून अधिक वनस्पतींचे वर्णन सचित्र आले. त्यामागे इट्टी अच्युतन तसेच रंग भट, विनायक पंडित व आपु भट या कोकणी वैद्यांचे ज्ञान होते. नाम वैद्यांनी सांगितले, रूप चित्रकारांनी टिपले.

मर्यादा व समारोप :
रस, गंध व स्पर्श चित्रात येत नाहीत; वनस्पतीच्या गुणकारितेचा पुरावाही चित्र देत नाही. चित्र काढता आले म्हणजे औषध देता आले, असा समज मुलांमध्ये निर्माण होऊ नये. अपरिचित औषध विषासमान असते, हा चरकाचा इशाराही त्यांना सांगावयास हवा. म्हणून दोषांच्या व्यक्तिचित्रांपेक्षा परसातील वनस्पतींचे निरीक्षणचित्र हाच या परिचयाचा आरंभबिंदू असावा. त्यातून मूल वैद्य होणार नाही, पण डोळसपणे पाहावयास निश्चित शिकेल.