रात्रभराचा माच आणि सेकंदांची स्पर्धा

डिजिटल मनोरंजनाच्या बाजाराचे विश्लेषक शेवटी एकच गोष्ट मोजतात : प्रेक्षकाचा वेळ. आपली स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, असे नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी 2017 मध्ये बोलून दाखवले. त्याच सुमारास, सप्टेंबर 2016 मध्ये आलेल्या जिओमुळे भारतात डेटा स्वस्त झाला होता. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स आले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा व हॉटस्टार एक झाले. या साऱ्यावरच्या भाष्यात कोणी किती बाजार काबीज केला याचा चोख हिशेब असतो. उज्जैनच्या माचसारख्या लोकनाट्याला मात्र त्यात जागा नसते, आणि प्रेक्षकाची रात्र तर त्यालाही हवी असते. म्हणून माचच्या आजच्या अवस्थेला मोबाइल कारणीभूत आहे, असे चटकन म्हटले जाते. हे निदान अपुरे आहे. स्पर्धेने माचचे वाकडे केलेले नाही. स्पर्धेचे माप बदलले, त्याने केले आहे.

मुळात माच वाढला तोच चुरशीतून. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये आपले ठाणे ग्वाल्हेरजवळच्या लष्करला हलवले आणि उज्जैनचे राजधानीपण गेले. पण शहरातली गाण्याबजावण्याची हौस गेली नाही. आपल्याकडच्या शाहिरांत रंगणारा कलगी-तुऱ्याचा सामना माळव्यातही रंगत होता. त्या वातावरणात एकोणिसाव्या शतकात माच उभा राहिला. उज्जैनमधल्या जयसिंगपुऱ्याचे बालमुकुंद गुरू हे त्याचे प्रवर्तक मानले जातात. काही अभ्यासक त्यांच्याआधी गोपाळजी गुरूंचे नाव घेतात. दौलतगंजात कालूराम उस्तादांनी आपला स्वतंत्र आखाडा उभा केला. प्रत्येक आखाड्याचे खेळ वेगळे, चाली वेगळ्या आणि ईर्षाही तितकीच तिखट. पण दोन्ही आखाड्यांचा निवाडा करणारा प्रेक्षक एकाच गावातला होता, आणि त्याची कसोटी एकच होती : पहाटेपर्यंत माणसे जागेवर बसतात की नाही.

त्या कसोटीनेच माचचा घाट घडवला. उंच बांधलेल्या मंचावर आधी भिश्ती येतो आणि गात गात पाणी शिंपडतो. मग फर्रासन येऊन जाजम अंथरते. त्यानंतर देवतांची वंदना, आणि मग कुठे कथेला सुरुवात. पात्र एक बोल गाते, मंचावरच बसलेले साथीदार त्याची टेक झेलतात, ढोलक उसळते, पात्र नाचत एक फेरी घेते आणि तेवढ्यात पुढच्या बोलाची तयारी होते. टेक झेलणारे हे आपल्या तमाशातल्या झीलकऱ्यांचे सख्खे भाऊ. एकच रंगत, म्हणजे चाल, पुन्हा पुन्हा येते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी प्रेक्षकही ती गुणगुणू लागतो. राजाच्या पाठोपाठ विदूषक शेरमार खाँ येतो आणि ताण हलका करतो. भर्तृहरीचा वैराग्याकडचा प्रवास प्रेक्षकाला भिडतो, तो या संथ चढणीमुळे. म्हणजे पुनरावृत्ती हे इथे रसनिष्पत्तीचे साधन आहे. पडद्यावर मात्र पहिल्या काही सेकंदांत पकड बसली नाही, तर बोट पुढे सरकते. त्या मापाने भिश्ती आणि फर्रासन निरुपयोगी, टेक कंटाळवाणी आणि वंदना कापून टाकण्याजोगी ठरते. उरतो एखादा गिरकीचा तुकडा. तो दिसायला देखणा असतो, पण त्याला माच म्हणता येत नाही.

ही काटछाट डिजिटल माध्यमांनी सुरू केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. महोत्सवांच्या मंचांनी माचला ठरावीक वेळेच्या चौकटीत आधीच बसवले होते. महाराष्ट्राला हा अनुभव त्याहून जुना आहे. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात 131 आठवडे मुक्काम ठोकला आणि तमाशापटांची लाट आली, पण सिनेमाने तमाशातून प्रामुख्याने लावणी उचलली, वग मागे राहिला. नवे माध्यम जुन्या कलेतले सुटे करता येईल तेवढेच घेते आणि ज्याच्या आधाराने ते उभे होते ते सोडून देते. रील्सनी हीच प्रक्रिया टोकाला नेली आहे.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, कला बदलतच असते. माचही एकेकाळी नवाच होता. हे खरेच आहे. विसाव्या शतकात सिद्धेश्वर सेन यांनी नवे माच लिहिले. कालूराम उस्तादांच्या घराण्यातले ओमप्रकाश शर्मा यांनी संस्कृत नाटकांना माचच्या संगीताची जोड दिली; सात दशकांच्या साधनेनंतर 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण हे बदल कलेचे व्याकरण ओळखणाऱ्यांनी आतून केले. कथा बदलली, टेक टिकली. बाहेरच्या मापाने होणारा बदल नेमका टेकेवरच घाव घालतो. दुसरा आक्षेप असा की, मोबाइलमुळे माळवी बोली जितक्या कानांपर्यंत पोहोचते तितकी पूर्वी कधीच पोहोचली नव्हती. हेही मान्य करायला हवे. माळवीतल्या विनोदी चित्रफितींना आज प्रेक्षक आहे. मात्र पोहोच म्हणजे आश्रय नव्हे. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल मंदिराचा ‘महाकाल लोक’ हा परिसर खुला झाल्यापासून उज्जैनात माणसे आणि कॅमेरे दोन्ही लोटले. त्या गर्दीतून माचच्या मंचासमोर रात्रभर बसणारा प्रेक्षक आपोआप तयार होत नाही. तो मुद्दाम घडवावा लागतो.

म्हणून तंत्राशी भांडण न मांडता त्याच्याकडून योग्य काम करून घ्यावे. यूट्यूबवर तासन्‌तासांची चित्रफीत ठेवता येते. तिथे वंदनेपासून शेवटापर्यंतचे पूर्ण माच हवेत, गुरू, आखाडा, रंगत आणि साथीदार यांच्या नोंदींसह आणि बोलांच्या संहितेसह. कलावंताला मानधन मिळावे ते पूर्ण खेळाचे. 2028 च्या सिंहस्थात शासन सांस्कृतिक कार्यक्रमांवर खर्च करणारच आहे. त्यातला काही भाग जयसिंगपुरा, दौलतगंजसारख्या वस्त्यांत रात्रभराच्या प्रयोगांसाठी राखून ठेवावा, आणि आखाड्यांना पुन्हा एकमेकांसमोर उभे करावे. माचला स्पर्धेपासून संरक्षण नको आहे. ज्या स्पर्धेत त्याची रचना अर्थपूर्ण ठरते, ती स्पर्धा त्याला परत हवी आहे. ती उभी करणे हे कोणत्याही अल्गोरिदमचे काम नाही. ते उज्जैनचे आणि माळव्याला आपले मानणाऱ्या प्रत्येक रसिकाचे काम आहे.