कोऱ्या जागेचा पाठ : खर्ड्याच्या मोहिमेचे कागद आणि संगणकीय शब्दशोध

प्रास्ताविक

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी पेशवे आणि हैदराबादचा निजाम यांच्या फौजांची लढाई झाली. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन आदी मराठी सरदारांनी एकत्र येऊन लढलेली ही अखेरची मोठी लढाई मानली जाते. या मोहिमेचे सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धन यांच्याकडे होते. साहजिकच मोहिमेचा पुष्कळसा पत्रव्यवहार पटवर्धन घराण्याच्या दफ्तरात जमा झाला. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेतून या दफ्तरातील निवडक कागद देवनागरीत छापून प्रसिद्ध केले.

अशी छापील साधने आता संगणकावर वाचली जातात आणि त्याहून अधिक प्रमाणात संगणकाकडून शोधली जातात. या शोधाचे एक प्रभावी साधन म्हणजे 'रेग्युलर एक्स्प्रेशन', ज्याला येथे 'नमुनासूत्र' म्हटले आहे. हवा असलेला शब्द जसाच्या तसा न देता त्याच्या रूपाचे वर्णन संगणकाला द्यायचे, अशी त्याची रीत आहे. त्यात 'बॅकस्लॅश एस' ही खूण 'येथे कोरी जागा असावी' असे सांगते. ही खूण वरवर निरुपद्रवी वाटते. तथापि मोडी कागदांच्या बाबतीत ती एका जुन्या प्रश्नाला हात घालते : दोन शब्दांमधील कोरी जागा मुळात कोणाची? लेखकाची, की संपादकाची? या प्रश्नाचे उत्तर न देता केलेला संगणकीय शोध पुराव्याची दिशाभूल कशी करू शकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मोडी लेखनातील सलगता

मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदावर आडवी शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. लेखणी शक्य तितकी कमी उचलायची हा या लिपीचा स्वभाव. त्यामुळे शब्द संपला म्हणून रेषा तुटत नाही आणि अक्षरांमध्ये जागाही सुटत नाही. ओळ संपली की शब्द जेथे असेल तेथे तुटतो व पुढच्या ओळीवर चालू राहतो. तो तुटला हे सांगणारी कोणतीही खूण तेथे नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही आणि अनुस्वारही पुष्कळदा गाळला जातो.

ही स्थिती केवळ मोडीची नाही. प्राचीन लॅटिन हस्तलिखितांतही शब्द सलग लिहिले जात. शब्दांमध्ये नियमाने जागा सोडण्याची रीत सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या लेखनिकांनी रूढ केली असे अभ्यासक मानतात. कोरी जागा ही भाषेसोबत आलेली वस्तू नसून वाचकाच्या सोयीसाठी पुढे घडलेली लेखनयुक्ती आहे, एवढे यावरून स्पष्ट होते.

पदच्छेद हाच अर्थनिर्णय

भारतीय परंपरेला हा मुद्दा नवीन नाही. ऋग्वेदाचा पदपाठ करणाऱ्या शाकल्याने संहितेची पदे सुटी केली. एका ठिकाणी संहितेतील 'वायो' हा अंश त्याने 'वा' आणि 'यः' असा तोडला. निरुक्तकार यास्काने हा छेद नाकारला आणि 'वायः' हे एकच पद मानून त्याचा वेगळा अर्थ लावला. दोघांसमोर अक्षरे तीच होती. मतभेद होता तो ती कोठे तोडावीत याविषयी. पदपाठ हे संहितेचे पहिले भाष्य होय, ही जाण या वादाच्या मुळाशी आहे.

मराठीतही असा छेद अर्थ पार उलटवू शकतो. वेढ्याच्या प्रसंगी सहज लिहिले जाईल असे एक वाक्य उदाहरणादाखल रचून पाहता येईल : 'किल्ल्यातरसदजाऊनदेणे'. हे 'किल्ल्यात रसद जाऊ न देणे' असे वाचले तर ती नाकेबंदीची आज्ञा ठरते. 'किल्ल्यात रसद जाऊन देणे' असे वाचले तर रसद नेऊन पोहोचविण्याची आज्ञा ठरते. जुन्या देवनागरी लेखनात पहिल्या अर्थी 'जाऊं' असा अनुस्वार येई व संदिग्धता टळे. मोडीत तो गळाला की एवढाही आधार उरत नाही. खर्ड्याच्या लढाईनंतर निजाम तेथील भुईकोटात शिरला, मराठी फौजांनी त्याची कोंडी केली आणि अखेर त्याला तह मान्य करावा लागला. हा संदर्भ माहीत असलेला संपादक पहिलाच छेद करील, आणि तो योग्यही असेल. पण तो छेद अक्षरांतून आलेला नसतो. संपादकाने तो प्रसंगाच्या ज्ञानातून केलेला असतो.

खरे किंवा राजवाडे यांच्यासारख्या संपादकांना यात दोष देण्याचे कारण नाही. शब्द सुटे केल्याविना ते कागद सामान्य वाचकाला वाचताच आले नसते. अडचण पुढे निर्माण होते. छापील पुस्तकात संपादकाची टीप कंसात किंवा तळाशी येते, त्यामुळे ती ओळखू येते. त्याने सोडलेल्या जागा मात्र मूळ मजकुरात मिसळून जातात. पानावर सर्वाधिक वेळा उमटलेला संपादकीय हस्तक्षेप असा सर्वांत अदृश्य राहतो.

संगणकाची कोरी जागा

नमुनासूत्रांची कल्पना गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात आढळते. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती मजकूरशोधासाठी वापरण्याची पद्धत मांडली. हे साधन इंग्रजी मजकुराच्या सहवासात वाढले. म्हणून कोरी जागा म्हणजे शब्दाचा शेवट, हे गृहीतक त्याच्या नित्य वापरात मुरलेले आहे.

खुद्द 'कोरी जागा' म्हणजे काय, याविषयीही संगणकीय भाषांत एकवाक्यता नाही. युनिकोड मानकात कोऱ्या जागेचा गुणधर्म असलेली २५ चिन्हे आहेत. साधी स्पेस, टॅब व नवी ओळ यांबरोबरच ओळ तुटू न देणारी स्पेस आणि मुद्रकांच्या निरनिराळ्या रुंदीच्या स्पेस त्यांत येतात. जावा भाषेत बॅकस्लॅश एस ही खूण, वेगळी सूचना दिली नाही तर, केवळ ६ चिन्हांना जुळते. ओळ तुटू न देणारी स्पेस तिला दिसत नाही. जावास्क्रिप्ट व पायथॉन ३ यांना ती दिसते. फाइलच्या आरंभी कधी कधी येणारे एक शून्य रुंदीचे चिन्ह जावास्क्रिप्ट कोरी जागा मानते, पायथॉन मानत नाही. पर्ल भाषेने उभ्या टॅबचा समावेश या खुणेत केला तो २०१३ च्या ५.१८ या आवृत्तीत. म्हणजे एकच सूत्र, एकच मजकूर, आणि तरीही दोन यंत्रांवर दोन उत्तरे संभवतात.

मराठीच्या दृष्टीने शून्य रुंदीचा जोडक अधिक महत्त्वाचा आहे. 'स्वाऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे साठविला जातो : खाली टिंब असलेल्या स्वतंत्र 'ऱ' अक्षराच्या आधारे, किंवा साधा र, हलन्त व हा अदृश्य जोडक यांच्या आधारे. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, शोधाला मात्र ती भिन्न असतात. जोडक ही कोरी जागा नव्हे, म्हणून बॅकस्लॅश एस त्याला जुळत नाही, आणि हे उचितच आहे. पण मजकूर 'स्वच्छ' करताना सर्व अदृश्य चिन्हे सरसकट पुसली, तर 'स्वाऱ्या'चे 'स्वार्या' होते. जे दिसत नाही ते निरर्थक, ही समजूत येथे अक्षरशः शब्द मोडते.

शब्दसीमा आणि 'खर्डा'

कोऱ्या जागेवर विसंबायचे नसेल तर नमुनासूत्रांत शब्दसीमेची वेगळी खूण आहे. अक्षर संपून अक्षरेतर चिन्ह सुरू होते ती सीमा, अशी तिची व्याख्या. देवनागरीत ही खूण आणखी फसवी ठरते. पायथॉनच्या मूळ नमुनासूत्र-विभागात स्वरचिन्हे व हलन्त हे शब्दाचे घटक मानले जात नाहीत. परिणामी 'खर्डा' या शब्दाचे 'खर' आणि 'ड' असे दोन तुकडे होतात. हलन्तापाशी शब्द तुटतो आणि काना गळून पडतो. शब्दघटकांत अशी जोडचिन्हे व जोडकही धरावेत, असे युनिकोडचे तांत्रिक मानक क्रमांक १८ सांगते. तथापि ते सर्वत्र पाळले जात नाही. या तुलनेत कोऱ्या जागेवर मजकूर तोडणे पुष्कळ सुरक्षित आहे, कारण त्यात निदान अक्षर फुटत नाही.

अक्षर शाबूत राहिले तरी शब्द हाती येतोच असे नाही. दोन्ही बाजूंना कोरी जागा असलेला 'खर्डा' शोधला, तर 'खर्ड्यास', 'खर्ड्याचे', 'खर्ड्याजवळ' ही रूपे सुटतात, कारण मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. जुन्या पुस्तकांत तर शब्दयोगी अव्यय कधी जोडून, कधी तोडून छापलेले आढळते. शिवाय 'खर्डा' म्हणजे कच्चा मसुदाही. पाहणीखर्डा हा महसुली कागदाचा एक प्रकार. तो 'पाहणी खर्डा' असा तोडून छापला असेल, तर गावाच्या शोधात जमाबंदीचा कागद हाती लागतो. कारकुनाने मात्र तेथे जागा सोडलीही नव्हती आणि जोडलीही नव्हती.

एखादे नाव किती पत्रांत येते, एखादा शब्दप्रयोग केव्हापासून रूढ झाला, अशी विधाने अशा शोधांच्या आधारे केली जातात. हा आकडा मूळ कागदांविषयी बोलतो असे भासते. वस्तुतः तो कागद, संपादकाचा पदच्छेद, मुद्रकाची जुळणी आणि संगणकाची व्याख्या या चौघांचा संयुक्त निकाल असतो.

ताऱ्याचा उपयोग

या अडचणीवरचा एक उपाय नमुनासूत्रांच्याच भांडारात आहे. एखाद्या खुणेपुढे तारा (*) लावला की 'ही खूण शून्य किंवा अधिक वेळा' असा अर्थ होतो. 'जाऊ', मग तारांकित कोरी जागा, मग 'न', पुन्हा तारांकित कोरी जागा, मग 'दे', असे सूत्र केल्यास 'जाऊ न देणे', 'जाऊन देणे' आणि सलग 'जाऊनदेणे' ही तिन्ही रूपे सापडतात. 'जाऊ'नंतरचा अनुस्वार वैकल्पिक ठेवला की जुनी छापील रूपेही त्यात येतात. ओळ तुटण्याची खूणही कोऱ्या जागेतच मोडत असल्याने, 'ख' एका ओळीच्या शेवटी आणि 'र्ड्यास' दुसरीच्या आरंभी असलेले नावही याच रीतीने हाती लागते.

येथे तारा चिकित्सेचे काम करतो. तो संपादकाचा निर्णय खोडत नाही. शोधापुरता तो निर्णय तहकूब ठेवतो आणि वाचकाला मोडी कागदाच्या सलग ओळीसमोर पुन्हा उभे करतो. या पद्धतीला मर्यादा आहेतच. 'काम नाही' शोधणाऱ्याला तीत 'कामना ही' देखील मिळेल. वाचकाच्या चुकीने बदललेले अक्षर किंवा गाळलेली ओळ ती परत आणणार नाही. योग्य-अयोग्य वेचण्याचे काम अखेर मोहीम, माणसे आणि कारकुनी भाषा जाणणाऱ्या अभ्यासकालाच करावे लागेल. पण पर्याय समोर असताना निवडणे आणि पर्याय होता हेच ठाऊक नसणे, या दोहोंत पाठचिकित्सेच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

नव्या संपादनांना याहून पुढे जाणे शक्य आहे. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यामुळे कागदाची सलग, ओळीबरहुकूम प्रत मोडीतच ठेवून तिच्याशेजारी पदच्छेद केलेली देवनागरी प्रत देता येते. टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या नियमांत, ओळ तुटली तरी शब्द तुटलेला नाही, हे नोंदविण्याची सोयही आहे. अशा दुहेरी प्रतीत प्रत्येक कोऱ्या जागेची जबाबदारी कोणाची, हे उघड राहते.

समारोप

खर्ड्याच्या मोहिमेच्या कागदांत अक्षरे कारकुनाची आहेत आणि त्यांमधील जागा संपादकाच्या. छापील पानाने या दोहोंची सरमिसळ केली आणि संगणकाने तीच मूळ मानून पुढे चालविली. बॅकस्लॅश एस ही खूण स्वतः चुकत नाही. तिला जुळणारी प्रत्येक जागा मात्र कोणीतरी केलेले वाचन आहे, ही जाणीव शोध घेणाऱ्याने बाळगावयास हवी. शोधाचा निष्कर्ष मांडताना कोणती प्रत, कोणते सूत्र आणि कोऱ्या जागेची कोणती व्याख्या वापरली, हे सांगणे म्हणूनच संदर्भ देण्याइतकेच आवश्यक आहे. 'जाऊ न देणे' आणि 'जाऊन देणे' यांत एका जागेचा फरक असला, तरी वेढ्यात अडकलेल्या फौजेसाठी तो उपासमार आणि अन्न यांतला फरक असतो.